बाटलेली परात

मी एक जुनी पितळी परात आहे. परभणीतल्या एका घरात खिडकीखाली जी फळी आहे, तिच्यावर आज सकाळी सात वस्तू होत्या. दोन तापमापक, एक छोटा वजनकाटा, सरसाच्या तुकड्यांची एक पुडी, ग्लिसरीनची एक बाटली, जांभळ्या शिसाची एक पेन्सिल आणि मी. पहिल्या सहा वस्तू नव्या होत्या. मी मात्र ऐंशी वर्षे कधीच ओलांडली आहेत.

या वस्तू साक्षीने मांडल्या. साक्षी या घरातली मुलगी. ती शाळेत विज्ञान शिकवते. ती आज मला घेऊन दुधना नदीवर जाणार आहे. तिची आजी सरजाबाई तिला एक गोष्ट सांगत असे, आणि त्या गोष्टीतला एक भाग साक्षीला कधी पटला नाही. तो भाग माझ्याबद्दलचा आहे. म्हणून मित्रांनो, नदीवर पोहोचण्याआधी माझी हकिकत तुम्हाला सांगते.

माझा जन्म तांबटाच्या दुकानात झाला. पितळेचा सपाट पत्रा होते मी. मला गोल कापले, काठ वर वळवला आणि लाकडी ओंडक्यावर ठेवून ठोकून ठोकून सारखे केले. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या पाठीवर आहेत. नंतर मला आतून कल्हई केली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ, चकचकीत थर. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, कल्हईवर कळकत नाही. मला घेणारा गृहस्थ आपल्या भाचीच्या लग्नासाठी आहेर शोधत होता. त्याने माझ्या पाठीवर, काठाजवळ, ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतले: ‘कमल हीस मामांकडून’.

अशी मी सेलूजवळच्या, दुधनेकाठच्या एका गावात कमलबाईंबरोबर सासरी गेले. कमलबाईंचे यजमान व्यंकटराव मोठे शेतकरी होते. घरात सत्ता मात्र त्यांच्या आईची, सुलाबाईंची. सुलाबाई रोज संध्याकाळी भांडी मोजून घेत. एक वाटी कमी भरली तरी घर डोक्यावर घेत. माझ्यात सकाळ-संध्याकाळ ज्वारीचे पीठ मळले जाई. कमलबाईंच्या तळहाताचा दाब मला इतका ओळखीचा झाला होता, की त्या दिवशी त्यांचे मन कशात आहे हे मला पिठावरूनच कळे. मी सुखात होते. पण सुखात असलेल्या भांड्याला सांगण्यासारखे फारसे काही नसते.

सांगण्यासारखे घडले ते १९४८ च्या उन्हाळ्यात. देश आदल्या वर्षी स्वतंत्र झाला होता, पण आपला हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि निजामाला भारतात यायचे नव्हते. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत. लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या, नावाखाली कोठ्यांतले धान्य उचलून नेत. आणि याबद्दल कोणी छापायचे नाही, असा हुकूम होता.

तरीही एक पत्रक निघत असे. त्याचे नाव ‘सांगावा’. एकच कागद, दोन्ही बाजूंनी जांभळ्या अक्षरांत लिहिलेला. कोणत्या गावात काय झाले, कोणाला पकडले, दिल्लीचा रेडिओ काय म्हणाला, हे त्यात असे. दर बाजारच्या दिवशी तो सेलूत कोणाच्या पिशवीत, कोणाच्या धान्याच्या पायलीत सापडे. कमलबाईंना तो गोवऱ्यांच्या पाटीतून मिळत असे. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. चुलीपाशी बसून वाचत, आणि वाचून झाला की भाकरीखाली जाळून टाकत.

गोवऱ्यांची पाटी आणणारी बाई म्हणजे सरजाबाई. तेव्हा ती विशीतली होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायची. मित्रांनो, त्या काळी या वस्तीतल्या माणसांना ‘अस्पृश्य’ म्हणत. त्यांनी गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, कोणाच्या भांड्याला शिवायचे नाही. शिवले तर भांडे ‘बाटले’ म्हणत. आज हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल, पण मी ते रोज पाहत होते आणि मलाही त्यात नवल वाटत नव्हते.

‘सांगावा’ लिहीत असे सरजाबाईचा नवरा, सिताराम. तो सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणींवर खुणा घालायचे काम करी. त्या खुणांसाठी जांभळी पेन्सिल असे. तिचे शिस ओले केले की शाईसारखे उमटते. बिस्किटांच्या मोठ्या डब्याच्या झाकणात तो सरसाची खळ ओतायचा. ती गोठली की जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेला कागद तिच्यावर पालथा घालायचा. अक्षरे खळीत उतरत. मग कोरे कागद एकामागून एक दाबायचे. प्रत्येक कागद थोडी थोडी शाई उचलून नेई. हाच त्याचा छापखाना.

एक दिवस व्यंकटराव जेवताना म्हणाले, “सितारामला उचललं. घरात डब्याचं जांभळं झाकण सापडलं म्हणं.”

कमलबाईंचा हात पिठात थांबला. मला तो थांबलेला कळला.

“आता काय करतील त्याचं?” त्यांनी विचारले.

“ठाण्याच्या अमीनसायबाला पक्कं करायचंय. तो म्हणायलाय, येत्या बाजारला सांगावा निघाला न्हाई तर समजायचं, लिव्हणारा हाच. मंग औरंगाबादच्या मोठ्या जेलात. तिथून मानूस कवा येतो, येतो का न्हाई, देवाला ठाऊक.”

“आन निघाला तर?”

“निघाला तर लिव्हणारा दुसराच कोणी तरी. ह्याला सोडावं लागंल. पर निघतो कसा? झाकण अमीनाकडं, गडी कोठडीत. तू वाढ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाई गोवऱ्या घेऊन परसात आली. मला घासून तिथेच उन्हात ठेवले होते, म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले.

“मालकीणबाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “माझं आन त्यांचं अक्षर सारखंच हाय. त्यांच्याच पाटीवर गिरवून शिकले मी. मी लिवते. त्ये कोठडीत असताना त्याच अक्षरातला सांगावा निघाला, तर अमीनाचं तोंड बंद होतं का न्हाई?”

“होतं. मग अडलं कुठं?”

“भांड्यात. काठ असलेलं, सपाट, आतून कल्हईचं पाह्यजे. आमच्यात मडकी आन एक तवा. तव्यात खळ काळी पडती.”

कमलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग घराच्या दाराकडे पाहिले. “देते म्हणाले असते गं. पण आत्याबाई रोज मोजून घेतात. आणि तुमच्या वस्तीत आमचं भांडं दिसलं की चोरीचा आळ तुझ्यावरच यायचा.”

कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग कमलबाई एकदम मोठ्या आवाजात बोलल्या. इतक्या मोठ्या, की शेजारच्या परसातल्या बायकाही वळून पाहू लागल्या.

“सरजे! ती परात सावलीत सरकव जरा!”

“मी?” सरजाबाई दचकली.

“तूच! ऐकू येत न्हाई का?”

सरजाबाईने हात पदराला पुसले. दोन्ही हातांनी मला उचलले. मित्रांनो, इतकी वर्षे या घरात काढून मला वाटत होते की असा स्पर्श काही तरी निराळा असेल. तो निराळा नव्हता. तिचे हात कमलबाईंच्या हातांसारखेच खरखरीत होते.

“अगं बया बया!” सुलाबाई दारातून धावल्या. “शिवली की परातीला! आन तू सांगितलंस कमळे? अक्कल कुठं गेली तुझी?”

“चुकलं, आत्याबाई. कामाच्या नादात तोंडातून गेलं.”

“आता गोवऱ्यांत घालून तापवा तिला. आगीनं शुद्ध होतंय पितळ.”

“तापवली तर कल्हई वितळून जाईल. कल्हईवाला आता दिवाळीला येणार. तवर हिच्यात पीठ मळून कळकलेली भाकर खायची का?”

कल्हईचा मुद्दा खरा होता. सुलाबाईंनी कपाळावर हात मारला. “तुझ्या मामाची परात, तूच घालिवली. ने बाई सरजे, ने. आन पुढल्या दारानं न्हवं, मागून ने.”

शेजारच्या परसात बायका हसत होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळले की व्यंकटरावांच्या सुनेने आपल्या मूर्खपणाने मामाची परात बाटवून घेतली.

निघताना सरजाबाई पुटपुटली, “पाठीवर नाव हाय तुमचं. घासून टाकते.”

“राहू दे,” कमलबाई म्हणाल्या. “सापडलीच तर काय? बाटलेली परात दिली. साऱ्या गल्लीनं पाह्यलंय. कोण खोटं म्हणंल?”

अशी मी त्या घरातून बाहेर पडले. ज्या रीतीने माणसांना इतकी वर्षे दूर ठेवले होते, तीच रीत त्या दिवशी वापरून मला सोडवण्यात आले. कमलबाईंनी त्यापायी गावभरचे हसे सोसले. त्या हशाचे ऋण मी अजून विसरलेले नाही.

वस्तीत तयारी सुरू झाली. सुताराकडून सरस मिळाला. सरस म्हणजे कातडी आणि हाडे उकळून केलेला डिंक. ग्लिसरीनसाठी सरजाबाई सेलूच्या दवाखान्यात गेली. तिथले कंपाउंडर गफ्फारमियाँ तिला ओळखत होते. रझाकारांच्या भीतीने त्या दिवसांत कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता, आणि गफ्फारमियाँचा मेहुणा तर त्यांच्यातच सामील झालेला. तरी त्यांनी बाटली कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवली. “कोई पूछा तो बोल, बच्चे के ओठ फटे,” एवढेच ते म्हणाले. घरी येऊन सरजाबाईने शेजारणीला, पंचफुलाला, ते सांगितले. पंचफुला म्हणाली, “पर तुला लेकरूच न्हाई गं अजून!” आणि दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. त्या दिवसांत त्या वस्तीत ऐकलेले ते पहिले हसू.

सरस भिजवून, गरम पाण्यावर विरघळवून, त्यात ग्लिसरीन घालून सरजाबाईने ती खळ माझ्यात ओतली. बोटभर जाडीचा तो थर मधासारखा दिसत होता. गोठायला ठेवला. पण तो गोठेना.

परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. खोपटात सावली होती, पण हवा भट्टीसारखी. दुपार झाली, तरी खळ पातळच. सिताराम हे काम थंडीत शिकला होता, आणि पहिला उन्हाळा येईतो पकडला गेला होता. बाजार जवळ आला होता.

“विहिरीत सोडावी का दोरानं?” पंचफुला म्हणाली. “बारवंत लय गार असतंय.”

“कोणाच्या बारवंत?” सरजाबाईने विचारले, आणि पंचफुलाने जीभ चावली.

मग सरजाबाईनेच मान वर केली. “झिऱ्यावर,” ती म्हणाली.

झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत उकरलेला खड्डा. त्यात खालून पाणी झिरपते. गावच्या विहिरीवर हात नाही, म्हणून वस्तीतल्या बायका उन्हाळाभर दुधनेच्या पात्रात झिरे उकरत आणि वाटी-वाटीने पाणी भरत. भर दुपारी त्या तिथे बसलेल्या असल्या तरी कोणाला काही वाटत नसे. वाटायचे काय? पाण्याला बसल्यात, एवढेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गोणपाटाखाली झाकून नदीत नेले. झिऱ्याला लागून ओली वाळू उकरली, मला काठापर्यंत पुरले, वरून ओले फडके घातले, आणि फडक्यावर पाणी शिंपडत राहिल्या. वर ऊन रणरणत होते. खालून मात्र मला गारवा चढू लागला. ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले, त्यांनी वाळूतून काढलेला तो गारवा होता. हळूहळू माझ्यातला मध स्थिर झाला. सरजाबाईने बोट टेकवले. बोटाला काही चिकटले नाही.

तिने आपला कागद काढला. घरून लिहून आणलेला. शेवटच्या ओळी तिने तिथेच, गुडघ्यावर धरून, पेन्सिल जिभेला लावत लिहिल्या. पंचफुला म्हणाली, “जीभ बघ तुझी! कोणी इचारलं तर जांभळं खाल्ली म्हण.”

“जांभळाला अजून महिना हाय, येडे.”

कागद खळीवर पालथा पडला. सरजाबाईने तो तळहाताने सारखा दाबला. मला वाटले, पीठ मळणाऱ्या हातांचे वजन आणि हे वजन एकच आहे. तेवढ्यात पंचफुला कुजबुजली, “सरजे. शिपाई.”

काठावरून महारुद्र शिपाई उतरत होता. अमीनाने त्याला वस्तीतली सगळी भांडी पाहायला पाठवले होते. घरे पाहून झाली होती, आता तो झिऱ्याकडे वळला होता. पळायला जागा नव्हती. पुरायला वेळ नव्हता. खळीवर सितारामच्या अक्षरातला कागद उघडा होता.

सरजाबाईने कागद सोलून काढला आणि चोळीत घातला. मग तिने मला वाळूतून उचलले आणि झिऱ्यावर पालथे घातले. झाकणासारखी. वरून घागर ठेवली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण क्षण तो. बोटभर जाडीची खळ माझ्या पोटाला चिकटून उलटी लटकत होती. खाली पाणी. ती जरा जरी पातळ असती, तर सुटून झिऱ्यात पडली असती. मग ना सांगावा, ना सिताराम. मी पितळेची. मला धरायला हात नाहीत. मी फक्त एवढेच करू शकत होते, की गार राहायचे.

महारुद्र जवळ आला. त्याने काठीने घागर ढकलली. वाकून माझी पाठ पाहिली, हात न लावता. “हे काय? ‘कमल हीस मामांकडून.’ व्यंकटरावांच्या घरची परात हितं?”

“बाटली म्हणून दिली, सायेब,” सरजाबाई म्हणाली. तिचे जांभळे बोट चिखलात होते, आणि जांभळी जीभ दिसू नये म्हणून ओठ जेमतेम उघडत ती बोलत होती.

“आरं हां! ती हीच का?” महारुद्र हसू लागला. “माझी बायको सांगत होती. सुनेनंच शिवून घेतली म्हणं!” मग त्याने घाम पुसला. ऊन फार होते. त्याचा डोळा घागरीकडे गेला.

“पाणी घेता का, सायेब?” पंचफुलाने विचारले.

ओठांवरून त्याने जीभ फिरवली. मग दोन पावले मागे सरला. “न्हाई, न्हाई. जायलोय मी.” आणि तो तहानलेलाच काठ चढून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर सरजाबाईने मला उलटले. खळ जागेवर होती. तिच्यावर सगळी अक्षरे, आरशातल्यासारखी उलटी, स्पष्ट उमटलेली होती. सरजाबाईने पहिला कोरा कागद घेतला.

त्या दुपारी त्यांनी कागद दाबले, सोलले, वाळवले. शेवटचे कागद फिकट निघाले, तेही ठेवले. मग ते चुंबळींच्या घड्यांत घातले. चुंबळ म्हणजे घागरीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. बायका पाण्याच्या घागरी घेऊन वाळूतून ओळीने निघाल्या, आणि ‘सांगावा’ त्यांच्या डोक्यावरून गावात गेला. बाजारच्या दिवशी तो सेलूत होता. एक प्रत तर अमीनाच्या कचेरीच्या पायरीवर सापडली, असे म्हणतात. ती तिथे कोणी ठेवली, हे मला माहीत नाही. गफ्फारमियाँचा दवाखाना कचेरीच्या समोर होता, एवढे माहीत आहे.

कमलबाईंना त्यांची प्रत गोवऱ्यांतूनच मिळाली. त्यात लेव्हीचे होते, पकडलेल्यांची नावे होती. शेवटी सरजाबाईने झिऱ्यावर लिहिलेल्या ओळी होत्या. ‘स्वराज्य येईल. ते आले की आमच्या वस्तीने विहिरीवर घागर न्यावी का, याचे उत्तर आत्तापासून ठरवावे.’ कमलबाईंनी ती प्रत वाचली, आणि त्या वेळी जाळली नाही. हे त्यांनी पुढे सरजाबाईला सांगितले, तेव्हा मी ऐकले.

काही दिवसांनी सिताराम सुटला. मार खूप खाल्ला होता, एक पाय ओढत चालत होता. घरी आल्यावर त्याने शिल्लक राहिलेली फिकट प्रत उजेडाला धरून वाचली. वाचून झाल्यावर तो बायकोकडे वळला.

“हे मी कवा लिवलं गं?”

“तुमी आत बसल्या बसल्या लिवलं. अमीनसायबालाबी हेच कोडं पडलंय.”

“आन ही इहिरीची ओळ? ही माझी न्हाई.”

“ती माझी,” सरजाबाई म्हणाली. “आता पुढच्या अंकात तुमची घाला.”

पुढचे अंक दोघांनी मिळून काढले. सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले, तिरंगा लागला आणि ‘सांगावा’ थांबला. त्याच आठवड्यात एक दिवस कमलबाई वस्तीत आल्या. पुढच्या वाटेने, भर दिवसा. सरजाबाईच्या खोपटासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “माझ्या परातीतली भाकर दे.”

सरजाबाईने माझ्यात पीठ मळले. खळीचा शेवटचा कण तिने कधीच घासून काढला होता, तरी काठाला एक जांभळी छटा राहिली होती. भाकरी तव्यावर फुगली. कमलबाईंनी ती मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली, सगळी. सुलाबाईंनी महिनाभर त्यांच्याशी बोलणे टाकले. महिन्यानंतर मात्र एक दिवस त्यांनी विचारले, “आपली परात अजून चांगली हाय का गं?” आपली, म्हणाल्या.

मित्रांनो, स्वराज्य आले, पण विहिरीपर्यंत पोहोचायला त्याला आणखी बरीच वर्षे लागली. ज्या दिवशी सरजाबाईची घागर विहिरीत बुडाली, त्या दिवशी तिने घरी येऊन मला त्या पाण्याने धुतले. एवढाच सोहळा.

१९५६ नंतर त्या घराने बुद्धाचा धम्म स्वीकारला. पौर्णिमेची खीर माझ्यातच ढवळून थंड केली जाई. मुलगा सिद्धोधन शिकला, परभणीत नोकरीला लागला, आणि मी त्याच्यामागे शहरात आले. सिताराम गेला. पुढे कमलबाई गेल्या. नंतर स्टीलची भांडी आली. स्टीलला कल्हई लागत नाही, घासायला सोपे. मला माळ्यावर ठेवले. माझ्यात आधी कांदे होते, मग तुटके नळ, मग काहीच नाही. कल्हई उडाली. पोटात हिरवे डाग पडले. मी त्याबद्दल कोणाला दोष देत नाही. घर म्हटले की हातांना सोपे तेच वापरले जाते. पण अंधारात पडून असताना मला एकच वाटायचे, की त्या दुपारचा गारवा आता माझ्याशिवाय कोणाला आठवत नसेल.

मला चूक ठरवले ते सरजाबाईने. ती नव्वदीत होती, दिसत कमी होते, पण नातीला गोष्ट सांगताना एक शब्द चुकत नसे. साक्षी तेव्हा कॉलेजात होती.

“आज्जे, जेलीचं मी शिकलेय,” साक्षी म्हणाली. “तीस अंशांच्या पुढं गेलं की ती पातळ होते. मे महिन्यात, इथं, ती गोठेल कशी? आणि उलटी करून टिकेल कशी?”

“वाळूला इचार,” आजी म्हणाली. “मला काय इचारतीस?”

“म्हणजे?”

“म्हणजे जाऊन बस तिथं दुपारची. आन परात काढ आधी माळ्यावरची. तिला घास. लय राबलीय ती.”

सरजाबाई गेली त्या वर्षी साक्षीने मला खाली काढले. चिंच आणि मीठ लावून हिरवे डाग घासले. कल्हईवाला शोधायला तिला वर्षभर फिरावे लागले. शेवटी ताडकळसच्या बाजारात एक म्हातारे कल्हईवाले भेटले. त्यांनी मला विस्तवावर धरले, कथिल फिरवले आणि कापसाच्या बोळ्याने पुसले. माझे पोट पुन्हा आरशासारखे झाले. तिथे वाकून पाहणारी साक्षी मला त्यात दिसली. तिचे कपाळ आजीसारखे आहे.

तुमच्याही घरी, मित्रांनो, माळ्यावर एखादे भांडे असेल. त्याच्या पाठीवर ठिपक्यांचे नाव असेल. ते नाव बोटाने वाचा. ते कोणी दिले, कोणी सोडले, कोणी उचलले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका. भांड्याला जपणे म्हणजे त्याला चकचकीत ठेवणे एवढेच नव्हे. मला जपले ते हातांनी. कमलबाईंच्या, सरजाबाईच्या, पंचफुलाच्या, आणि आता या मुलीच्या. त्या सगळ्या हातांची मी आभारी आहे. ज्याने मला हात लावला नाही, त्या तहानलेल्या महारुद्राचीसुद्धा.

आता आपण पोहोचलो आहोत. दुधनेच्या पात्रात पाणी नाही, मे महिना आहे, दुपार आहे. साक्षीने वाळू उकरली, तेव्हा हातभर खोलीवर ओल लागली आणि मग पाणी झिरपू लागले. तिने मला झिऱ्याशेजारी काठापर्यंत पुरले, खळ ओतली, ओले फडके घातले. एक तापमापक बाभळीच्या सावलीत टांगला, दुसरा माझ्याशेजारी वाळूत खोचला. मग ती बसून राहिली, आजीने सांगितले होते तशी.

बऱ्याच वेळाने तिने बोट टेकवले. बोट पाहिले. मला दोन्ही हातांनी उचलले आणि पाण्यावर पालथे धरले. नंतर मला मांडीवर सरळ ठेवून तिने दोन्ही तापमापक वाचले.

सावलीत त्रेचाळीस अंश. ओल्या वाळूत सत्तावीस. खळ जागेवर.